दुधखडा

सकाळी बांधलेला लंगोट दुपार कलली तरी कोरडाच होता. भामाने तो पुन्हा चाचपला, नाकाशी नेला. काही नाही. नुसता धुतल्या कपड्याचा वास. नात डोळे अर्धे मिटून पडली होती. तिचं बारसंही व्हायचं होतं. कालपर्यंत तिने घर डोक्यावर घेतलं होतं, आज मात्र तोंड नुसतं उघडत होतं नि मिटत होतं, जाळ्यातून काढलेल्या बोयट माशासारखं.

"शांत झाली बाई एकदाची," शेजारची शोभा दारातून म्हणाली.

शांत! भुकेलं पोर शांत होतं तेव्हा ते शहाणं झालेलं नसतं, त्याचं रडायचं बळ संपलेलं असतं. हे कळायला डॉक्टर लागत नाही. चार बाळंतपणं स्वतःची आणि गावभरची शंभर पाहिलेल्या भामाला तर हे लख्ख कळत होतं. कळत असूनही ती जे करत होती तेच करत राहिली. गोष्ट आहे ती एवढीच.

"आई, तो डबा द्या ना," पलंगावरून समीक्षा म्हणाली. पोटाला टाके, ओठ सुकलेले, छाती कोरडी. तिची स्वतःची आई तीन वर्षांपूर्वी गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, करंजाड्याच्या बंगल्यात. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. दूध उतरेपर्यंत वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजा म्हणाले. मी समोर होते."

"दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात काय लिवलंय? आईचंच दूध पाजा. वाचलंस ना?"

"त्याच दवाखान्याने डबा दिलाय, आई!"

"नाय गो पोरी. परकं दूध ओठाला लागलं का खडा मुका व्हतो. मंग कदीच बोलत नाय."

डबा कपाटावर होता, तांब्याच्या हंड्यामागे. भामानेच तो तिथे ठेवला होता, टाकेवालीचा हात पोचू नये म्हणून.

तर खडा. अंड्याएवढा, पिठुळ पांढरा, अंगावर वलयं. एकात एक, एकात एक, जणू दुधात बोट बुडवून कोणी गोल फिरवलं असावं. भामाच्या आजेसासऱ्याला तो विहीर खणताना काळ्या पत्थरात सापडला, असं घरातले सांगत. गावातले सांगत, नाही, मिठाच्या गलबतावरच्या खंभातच्या तांडेलाने तो दिला. कोणाचं खरं, ते विचारणारे आता उरले नाहीत. बाळंतिणीचं दूध उतरलं नाही की तो सहाणेवर पाण्यात उगाळायचा, ते पाणी तिला पाजायचं, आणि खडा फडक्यात बांधून तिच्या गळ्यात घालायचा. मग दूध यायचं. "खडा बोलला," म्हणायचे. भामाच्या सासूच्या काळात तो आठ गावं फिरला. जिच्याकडे शेवटी गेला तिच्याच हातातून पुढे घ्यायचा, अशी रीत.

आणि शेवटी तो गेला होता दिपिकाकडे. भामाच्या पुतण्याची बायको, जासईची. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात हा खडा असताना तिची तान्ही पोर गेली. त्यानंतर खडा कोणी मागितला नाही. मेलेल्या पोराच्या आईच्या हातून दुधाचं देणं कोण घेणार?

म्हणून भामाने आधी निकेशला फोन लावला.

निकेश तिचा धाकटा, समीक्षाचा नवरा. नवीन पनवेलमध्ये त्याचं दुकान आहे, काचेचं दार, आत थंडगार, मंद गाणी. खडे विकतो. त्याहून जास्त खड्यांवर बोलतो, मोबाईलसमोर, आणि लोक ते बघतात. "मित्रांनो, अकीक म्हणजे साधासुधा दगड नाही! पाच हजार वर्षांपूर्वीचे आपल्याकडचे लाल अकीकाचे मणी इराकच्या राण्यांच्या थडग्यात सापडलेत!" हे खरं आहे. त्याच्यापुढे तो जे जोडतो ते खोटं आहे. मूळव्याधीपासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे खडा असतो.

"तुज्याकडं हायत तेवडे सगले घेऊन ये," भामा म्हणाली.

तो आला. मखमलीचा ट्रे पलंगावर ठेवला आणि सवयीने तोंड सुरू झालं. "हा सुलेमानी, काळ्यात पांढरी रेघ, नजर लागत नाही. हा लाल, खंभातवाले आधी उन्हात तापवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या विस्तवात भाजतात, तेव्हा हा रंग चढतो. रक्तासाठी. आपले मुसलमान लोक अंगठीत घालतात, चांदीत. हा शेवाळी, आत झाडं उगवल्यासारखी दिसतात बघ, शेतीसाठी..."

"दुधाचा कंचा?"

निकेश थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं. बाप झाल्यापासून तो तिच्याकडे नीट बघतच नव्हता, बायकांचं काम म्हणून दुकानात पळत होता.

"आई, हिचे डोळे असे का आत गेलेत?"

"दुधाचा कंचा, इचारलं मी!"

"हा पांढरा. 'मातृअकीक' म्हणून विकतो."

"मंग दे."

"अगं, ते नाव मीच ठेवलंय!" तो ओरडला. "कुठल्या ग्रंथात नाय, कशात नाय. आणि हा निळा, हा गुलाबी, हे तर रंगात बुडवलेत. राजस्थानातून पोत्याने येतात."

"मंग गिऱ्हाइकांना काय सांगतोस?"

"तू पोरीला काय सांगतेस?" समीक्षा मध्येच म्हणाली. आजवर सासूला तिने 'तू' म्हटलं नव्हतं.

भामाने तरी पांढरा उचलला. सहाणेवर घासला, उगळेचना, यंत्राने गुळगुळीत केलेला. नुसतं पाणी गढूळ झालं ते सहाणेच्याच पिठाने. तेच समीक्षाला पाजलं. मग लाल बांधला. मग सुलेमानी, नजर असली तर उतरू दे म्हणून. सुनेच्या उघड्या छातीवर खड्यांची रांग लागली, दोघातिघांवर दुकानाचं चिकटवलेलं लेबल तसंच. समीक्षाने खाली पाहिलं आणि हसायला लागली. टाके ताणले तरी हसतच राहिली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डोळ्यांतून येत होतं. जिथून यायला हवं तिथून एक थेंब नाही.

भामाने लंगोट पुन्हा चाचपला. कोरडा.

"गाडी काढ," ती निकेशला म्हणाली. "जासईला जायचंय."

"दिपिकावहिनीच्या दारात? तू?"

"तोंड काळं कराया जाईन. काढ गाडी!" आणि शोभाकडे वळून, "तू बस इथं. डब्याला हात लावू देव नको हिला."

"मी बसते. तू निर्धास्त जा," शोभा म्हणाली. शेजारधर्म म्हणतात तो हा.

गव्हाण फाट्याला ट्रेलर अडकले होते. कंटेनरच्या भिंतीच भिंती, निळ्या, तांबड्या, पुढे नाही नि मागे नाही. निकेश हॉर्नवर हात ठेवून बसला. डाव्या हाताला डोंगर कापून उभा ठेवला होता, काळा कातळ चिरल्या कलिंगडासारखा, आणि मध्ये मध्ये पांढरे डोळे चमकत होते.

"ते बघ," निकेश म्हणाला, गप्प बसवत नव्हतं म्हणून. "तिथे सगळे अकीकच. लाव्हा थंड होताना बुडबुडे राहतात ना आत, त्यात पाणी झिरपत राहतं, गारगोटी विरघळलेलं पाणी. एक थर, मग दुसरा थर. लाखो वर्षं. आपला खडा पण तसाच झालेला. पोकळी होती, ती भरली. एवढंच."

"मंग तसंच भरू दे ना तिची छाती," भामा म्हणाली. "लाखो वर्सं नाय, आजच्या आज."

दिपिका पडवीत मसाला वाटत होती. घरामागे कंटेनरचं यार्ड, वर एकावर एक रचलेले डबे. तिने मान वर केली, पण उठली नाही.

"या काकी. रस्ता इसरला नाय म्हनायचा."

"दिपिके, खडा दे गो. पोर जाते माजी."

"पोर नात हाय का नातू?"

"नात."

"माजी पन पोरगीच व्हती." दिपिकाने पाट्यावरचं हाताने सरसर एकत्र केलं. मग पाट्याशेजारचा गोटा उचलून लसणाच्या पाकळ्यांवर ठक्कन मारला. पिठुळ पांढरा, वलयांचा, एका अंगाने पिढ्यांपिढ्या उगाळून सपाट झालेला.

भामा पुढे सरसावली. "लसून ठेचतेस? त्याच्यानं?"

"चांगला ठेचला जातो. बाकी काय येत नाय त्याला."

"दिपिके, देवाची वस्तू..."

"देवाची?" दिपिका उभी राहिली. "काकी, माजी पोर सुकत व्हती तवा माज्या उंबऱ्यात कोन बसलं व्हतं? मी शेलीचं दूध चमच्यात घेतलं, तो चमचा कोनी उडवला? भिंतीवर डाग हाय अजून. दाखवू? परकं दूध नको, खडा मुका व्हईल! तुमीच ना? मी ऐकलं तुमचं. मोठ्यांचं ऐकायचं असतं. डॉक्टर नंतर म्हनाला, अंगातलं पानी संपलं. येवडंच. पानी. पोर पान्यावाचून मेली, आनि माज्या गल्यात दगड."

निकेश गाडीशी उभा होता, तो हळूच पुढे आला. भामाने त्याला हाताने मागे सारलं.

"मार मला. चपलेनं मार. पन खडा दे."

"देते. आदी ऐका. वेनू कातकरीन आठवते? तुमच्या घरी लाकडाची मोली आनायची?"

"आठवते. मेली ती."

"मरायच्या आदी आली व्हती माज्याकडं. माजी पोर गेली तवा सगलं गाव लांब बसलं, ती एकटी इथं, या पायरीवर, रडत बसली. म्हनाली, तुमची सासू तिला मागच्या दारानं बोलवायची. पडवीत घ्यायची नाय, मागं, पेंढ्याच्या उडवीआड. तुमचा निकेश रडायचा, तुमाला दूध नव्हतं. वेनूच्या कडेवर तिचं पोर व्हतं, अंगावर दूध व्हतं. म्हातारी निकेशला तिच्या मांडीवर द्यायची. रोज. तुमाला पान्हा फुटेपर्यंत. तुमालाच काय, गावात जिथं जिथं खडा बोलला तिथं तिथं मागच्या दारानं कोन ना कोन कातकरीन आलेली हाय."

"खोटं!"

"असंल. मी कुटं बगाया गेले? तुमी आटवा."

भामाला आठवायचं नव्हतं. पण आठवण काय विचारून येते? सासू दुपारी निकेशला उचलायची, "ऊन दाखवून आनते" म्हणून मागे न्यायची. भामा खड्याचं पाणी पिऊन पडलेली. परत यायचा तेव्हा पोर गाढ झोपलेलं, मुठी सैल, हनुवटीवर पांढरं सुकलेलं. "खडा बोलला," सासू म्हणायची. भामाच्या स्वतःच्या छातीत तर आठ दिवसांनी दूध आलं होतं. मग त्याआधी निकेशच्या हनुवटीवर काय होतं? इतकी वर्षं हा प्रश्न तिच्या डोक्याला शिवला नव्हता. शिवू दिला नव्हता.

कातकरणीचं दूध आगरी घरातल्या पोराला पाजलं हे कळलं असतं तर गावाने घर वाळीत टाकलं असतं. म्हातारी हुशार. दूध वेणूचं घेतलं आणि नाव दगडाचं लावलं. परकं दूध नको हा नियम पुढच्या पडवीत बसणाऱ्यांसाठी. पोरं जगायची ती मागच्या दारावर.

आणि मग म्हातारीला लकवा झाला. जीभ गेली. शेवटचे महिने ती खाटेवरून एकच करायची, चालता हात उचलून मागच्या दाराकडे दाखवायची. दाखवायची नि भामाकडे बघायची. भामाला वाटायचं हिला परसाकडे जायचंय. ती पुन्हा पुन्हा भांडं सरकवायची, आणि म्हातारी डोळे मिटून घ्यायची.

सुनेच्या हाती नियम आला. मागचं दार दाखवायचं राहून गेलं.

भामा पायरीवर बसली. त्याच पायरीवर.

"तुला कदीपासून ठावं हाय?"

"दोन वर्सं."

"मंग बोलली का नायस? सांगितलं असतंस तर..."

"कोनाला सांगू? तुमी म्हनला असता, कातकरीन खोटी, नि दिपिका पोरीपायी येडी झाली." दिपिकाचा आवाज पहिल्यांदा चिरला. "आनि खरं सांगू काकी? मी वाट बघत व्हते. तुमच्या घरी कदी गरज लागते याची. रोज लसून ठेचताना वाट बगितली. आता तुमी आलाव तर मला काय गोड लागत नाय. पोरीनं काय घोडं मारलंय माजं?" तिने खडा पदराने पुसला आणि भामाच्या हातात कोंबला. "घ्या. गल्यात बांधा नायतर खाडीत टाका. पन आदी तिला पाजा. शेलीचं, पावडरचं, कुत्रीचं, कसलं पन पाजा!"

निकेश आधीच फोन लावत होता. फोन शोभाने उचलला.

"शोभे, कपाटावर डबा हाय, हंड्याच्या मागं," भामा ओरडली. "पानी उकलून पाज तिला!"

"अगं, खडा मिलाला ना?"

"मिलाला. तू पाज!"

"मंग आता कशाला? इतकं थांबलाव, आता अर्ध्या तासासाठी बाटवायचं? सगलं वाया जाईल भामे. तू खडा घेऊन ये, मी सांभालते."

भामाच्याच तोंडचे शब्द होते. कालपासून ती हेच बोलत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते कसे लागतात, हे तिला आत्ता कळलं. तिने शोभाला आईवरून शिवी हासडली. निकेशने फोन हिसकला आणि "समीक्षा! समीक्षा!" म्हणून बोंबलला. पलीकडे काहीतरी पडलं. तांब्याचा हंडा जमिनीवर आपटल्याचा आवाज. मग शोभाचं "अगं टाके, टाके!" आणि मग स्टूल सरकल्याचा.

"डबा माझ्या हातात आहे," समीक्षाचा आवाज आला, धाप लागलेला. "यापुढे माझ्या पोरीला काय द्यायचं ते मला कोणी सांगायचं नाही."

पण उशीर उशीरच असतो. परत गव्हाण फाट्याच्या गर्दीत अडकलेले असतानाच तिचा पुन्हा फोन आला. मुलगी गिळत नव्हती. दूध ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येत होतं. समीक्षा तिला घेऊन रिक्षात बसली होती, टाक्यांतून रक्त येत होतं ते ओढणीने दाबून. शोभा सोबत होती. एवढं मात्र तिने केलं.

डबा देणाऱ्या पनवेलच्या त्याच दवाखान्यात मुलीला आत नेलं होतं. इवल्याशा हाताला पट्टी, पट्टीत नळी. समीक्षाला शेजारच्या खोलीत पुन्हा टाके घालत होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी भामाकडे पाहिलंच नाही, निकेशशी बोलल्या.

"डबा दिला होता ना मी? पाजला का नाहीत?"

निकेशने मान खाली घातली.

"मीच नाय पाजू दिलं," भामा म्हणाली.

बाईंनी आता पाहिलं. "मूत्रपिंडावर ताण आलाय. लघवी झाली तर पुढचं बोलू. आत्ता मी काही सांगणार नाही."

बाकावर भामा आणि शोभा बसल्या. भामाच्या मुठीत खडा होता, घामाने ओला, लसणाच्या वासाचा. शोभाने तो वास घेतला, पण विचारलं वेगळंच.

"आता हातात आलाय ना, बोलेल बघ. खडा आला नि डॉक्टरपन भेटले, योगच म्हनायचा. भामे, माज्या सुनेचे दिवस भरत आलेत. हितलं निपटलं का मला दे. तुज्या हातनं घ्यायला बरं, दिपिकाकडनं कोन घेनार!"

भामाने मूठ उघडली. पांढरी वलयं, एकात एक. किती बायकांनी याच्यासमोर हात जोडले. किती जणींनी घशाखाली याचं पाणी उतरवलं. आणि हा तिकडे डोंगरात जसा होता तसाच इथे, मुका. आत नात जगेल की नाही हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. ती वाचल्याचं कळल्यावर खरं बोलणं सोपं झालं असतं. भामाने तेवढीही वाट पाहिली नाही.

"शोभे, हा कदीच बोलला नाय. माज्या निकेशला वेनू कातकरणीनं पाजलंय. माज्या सासूनं पाजवलंय, मागच्या दारानं."

शोभाचा चेहरा असा झाला, जणू कोणी तिच्या ताटात थुंकलं. "कातकरणीनं? निकेशला?" तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हलू बोल. सोयरीक-संबंध हायत तुमचे. हे कोनाला सांगू नको."

दिपिकाची पोर मेली ते शोभाला माहीत होतं. आत एक पोर मरायला टेकलंय तेही माहीत होतं. तोंड वाकडं झालं ते कशावर, बघा.

भामा उठली. आवाज चढवला. बाकावरच्या, दारातल्या, पाण्याच्या नळाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायका वळल्या.

"सांगनार! सगल्या गावाला सांगनार! माजा पोर कातकरणीच्या दुदावर जगला, नि दिपिकाची पोर मी मारली! दगडाच्या नावानं मी मारली! आनि तुज्या सुनेला दूध नाय आलं तर डबा घरात ठेव शोभे, हंड्यामागं नको, समोर ठेव!"

"भामे, अगं खाली बस, लोकं बगतात..."

निकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने आईला गप्प केलं नाही. तो कोणाकडेच बघत नव्हता, आपल्याच हातांकडे बघत होता, जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

आतलं दार ढकलून नर्स बाहेर आली. हातात गुंडाळलेला कपडा. "त्या बाळाचं कोण आहे? दुसरा लंगोट आणलाय का? हा भिजलाय."

भामाने खडा बाकावर टाकला. तो घरंगळत शोभाच्या पायाशी गेला. शोभाने पाय चटकन आखडून घेतले, कातकरणीचा हात लागल्यासारखे. भामाने ते पाहिलंही नाही. ती नर्सच्या हातातला कपडा घेऊन उभी होती. थोडासाच ओला, तळहाताएवढा डाग, कोमट. तिने तो चाचपला, मग नाकाशी नेला, मग तोंडावर दाबून धरला, आणि ती तशीच उभी राहिली.

"आजी, दुसरा द्या ना लवकर," नर्स म्हणाली. "बाळ उघडं आहे."